उत्तरेला एकही बूट नाही

माझी मुलगी आमच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा शिक्षकखोलीत माझ्या तोंडावर कोणी काही म्हटलं नाही. पाठीमागे मात्र सगळं म्हणून झालं. "आईच्या पदराला धरून आली," हे चित्रकलेच्या सरांचं वाक्य माझ्या कानावर आलं, आणि ते यावं अशाच आवाजात बोललं गेलं होतं. मी गणित शिकवते. या शाळेत माझे केस पांढरे झाले आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मी गप्प राहिले, कारण मुलीनं घरीच बजावून ठेवलं होतं. शाळेच्या फाटकातून आत शिरलं की मी तिची आई नाही, गणिताच्या बाई. आणि तीही मला 'बाई'च म्हणणार. पहिल्याच दिवशी जिन्यात तिनं मला "बाई, जरा वाट द्या" म्हटलं, तेव्हा मला हसू आवरेना आणि ती मात्र चेहरा ताठ ठेवून वर निघून गेली.

तिची नेमणूक एका वर्षापुरती होती. वर्ष संपताना निरीक्षक येणार, तिचा एक पाठ बघणार आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार, असा रिवाज. मुलगी शिकवते कशी हे मला कधी कळलंच नव्हतं. तिच्या वर्गातून गलका फार यायचा एवढं ठाऊक होतं, आणि गलका म्हणजे शिकवणं ढिलं, असं माझं पक्कं मत. त्यामुळे निरीक्षक येणार म्हटल्यावर जीव टांगणीला लागला तो तिचा नव्हे, माझा.

पाठ ठरला चौथीचा, भूगोलाचा. नकाशा आणि आलेख वाचायला शिकवणं. हेडसरांनी वर्गात बसायला ज्येष्ठ शिक्षक म्हणून माझंच नाव दिलं, कारण त्या तासाला दुसरं कोणी मोकळं नव्हतं. त्यावरूनही शिक्षकखोलीत नाकं मुरडली गेली. चित्रकलेच्या सरांनी तर चहाचा कप खाली ठेवून सांगून टाकलं की निकाल आधीच लागलाय, पाठ आता नुसता नावापुरता.

म्हणजे पाठ बिघडला तर नोकरी जाणार, आणि उत्तम झाला तरी लोक म्हणणार, आईनं पार पाडलं. मुलीला हे सगळं माहीत होतं. आठवडाभर घरातल्या जेवणाच्या टेबलावर मोठाले कागद चिकटवून ती आमच्या शाळेच्या परिसराचा नकाशा काढत बसली आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

मी तिला सल्ला दिला. न देऊन सांगते कुणाला? भिंतीवरचा छापील नकाशाच वापर, तो सुबक आहे. हातात छडी ठेव, म्हणजे मुलांची नजर नकाशावर राहते. आणि प्रश्न विचारायचे ते पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांना, उत्तरं आदल्या दिवशी घोकून घेऊन. सगळेच असं करतात. तिनं हे सगळं शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं ऐकलं, नदीला निळा रंग देत. मग ब्रश पाण्यात बुडवून म्हणाली, "आई, तू वर्गात बसणार आहेस, ते ठीक. पण काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

त्या सकाळी दुसऱ्या तासाला आम्ही तिघं वर्गाच्या मागच्या भिंतीशी बसलो. हेडसर, निरीक्षकबाई आणि मी. खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळे मी मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून. निरीक्षकबाई बारीक चणीच्या, चष्मा नाकावर खाली आणलेला, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसू न देणाऱ्या. त्यांनी पेन उघडून कागद मांडीवर घेतला.

मुलीनं सुरुवातीलाच विचारलं, "उत्तर दिशा कुठे आहे? सगळ्यांनी बोट दाखवा."

अख्ख्या वर्गानं बोट छताकडे केलं.

एकही मूल चुकलं नाही, म्हणजे सगळी एकसारखी चुकली. आमच्या शाळेत दिशा शिकवायची एक पद्धत आहे. भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून हात हलवत म्हणायचं, वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडे पूर्व, डावीकडे पश्चिम. हेडसरही याच शाळेत शिकलेले. त्यांचा हात खांद्यापर्यंत वर गेला होता, तो त्यांनी मध्येच वळवून चष्मा सारखा केला. मी कपाळाला हात लावणार होते, पण निरीक्षकबाई शेजारीच होत्या. त्यांचं पेन कागदावर चाललं होतं.

माझी मुलगी घाबरली नाही. तिनं शांतपणे स्टूल ओढलं, त्यावर चढून उभी राहिली आणि विचारलं की आता मी उत्तरेला गेले का. मुलं हसली. मग एकेक गप्प झालं. एका मुलीनं विचारलं, मग विमान उत्तरेला जातं की वर जातं? दुसरा म्हणाला, आमच्या घरी वरच्या मजल्यावर काका राहतात, ते उत्तरेला राहतात का? वर्गात गलका माजला आणि मला वाटलं की धरणी पोटात घेईल तर बरं.

तिनं तो गलका चालू दिला. स्टुलावरून उतरून तिनं आपला मोठा नकाशा काढला आणि भिंतीवर न लावता सरळ फरशीवर पसरला. बाकं आधीच कडेला सरकवलेली होती. मुलं भोवती उकिडवी बसली. मध्ये शाळा, एका बाजूला बाजार आणि बस डेपो, दुसरीकडे गिरणी आणि दवाखाना, वरच्या कडेजवळ निळी नदी, आणि पार कोपऱ्यात नदीवरचा पूल. मुलं आपापलं घर शोधायला लागली. मग कुणीतरी म्हणालं की नकाशा चुकलाय. नकाशात नदी फळ्याच्या बाजूला दाखवलीय, आणि खरी नदी तर मागे आहे, त्या भिंतीपलीकडे.

मुलीनं विचारलं की मग काय करायचं. चार-पाच जणांनी नकाशाच्या कडा धरल्या आणि तो फिरवायला लागले. निळी नदी खऱ्या नदीकडे येईपर्यंत फिरवला. अक्षरं त्यांना उलटी दिसायला लागली, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती. तेवढ्यात डावीकडच्या खिडकीतून आलेलं ऊन नकाशावर पडलं. तिनं त्यांना उन्हाकडे तोंड करून उभं केलं. समोर पूर्व. आता डावा हात लांब करा. सगळ्या वर्गाचे डावे हात आमच्या तिघांकडे रोखले गेले. उत्तर आमच्या पाठीमागे होती. हेडसरांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं, जणू ती तिथे आजच बांधली होती.

इथवर मी थोडी सावरले होते. पण पुढे ती म्हणाली, प्रत्येकानं एका पायातला बूट काढा.

फरशीवर तिनं खडूनं चार उभे रकाने आखले होते आणि प्रत्येकाखाली एकेक दिशा लिहिली होती. तुम्ही ज्या दिशेकडून शाळेत येता त्या रकान्यात आपला बूट ठेवायचा, एकावर एक नाही, एकापुढे एक. एक बूट म्हणजे एक मूल. बघता बघता वर्ग एका पायावर उड्या मारायला लागला. कुणाची नाडी सुटेना, कुणी पडलं, मोज्यांचा वास सुटला. निरीक्षकबाईंनी रुमाल काढला. मी मनातल्या मनात मुलीसाठी दुसऱ्या गावच्या शाळा आठवायला लागले.

तरी आलेख झाला. पूर्वेची रांग सगळ्यांत लांब, पश्चिमेची तिच्याखालोखाल, दक्षिणेची बेताची. आणि उत्तरेला एकही बूट नाही. तिनं विचारलं की असं का बरं असेल, कारण नकाशात शोधा. मुलं नकाशावर वाकली. एकानं बोट ठेवून सांगितलं की तिकडे नदी आहे, त्यामुळे तिकडे माणसंच राहत नाहीत.

"राहतात," कोणीतरी म्हणालं. "आम्ही राहतो."

ती मुलगी एकटीच उभी होती, हातात बूट धरून. तिला सगळी शाळा लेटलतीफ म्हणायची, शिक्षकसुद्धा. रोज उशिरा येणार, रोज फाटकाशी उभी राहणार. हेडसर तिच्यावर फार चिडायचे, कारण तिचं घर त्यांच्या खोलीच्या खिडकीतून दिसायचं. नदीपलीकडे, पत्र्याचं, समोरच. घरातून शाळा दिसते आणि तरी तुला उशीर होतो, असं त्यांनी तिला किती वेळा सुनावलं असेल त्याचा हिशेब नाही. मीही एकदोनदा सुनावलं होतं. ती कधी उलटून बोलली नव्हती, आणि वर्गात तिचा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

माझ्या मुलीच्या नकाशात नदीपलीकडे काहीच नव्हतं. नुसता कोरा कागद. ते निरीक्षकबाईंनाही दिसलं असणार. मुलीनं लेटलतीफच्या हातात रंगाची कांडी दिली आणि सरळ सांगितलं, "तिकडची घरं मला माहीत नव्हती. तू काढ."

त्या पोरीनं गुडघ्यांवर बसून एक छोटा चौकोन काढला, मग शेजारी आणखी पाच-सहा काढले. कोण कुठे राहतं तेही सांगत गेली. मग मुलीनं दोऱ्याचं रीळ आणलं. घरापासून शाळेपर्यंत सरळ धरलेला दोरा वीतभर भरला. "आता तू येतेस त्या वाटेनं दोरा लाव," असं तिनं सांगितलं. पोर दोरा घेऊन निघाली. नदीच्या पलीकडच्या कडेनं पूर्वेला, पार कोपऱ्यातल्या पुलापर्यंत, पूल ओलांडून इकडे, मग डेपोवरून बाजारातून परत मागे शाळेकडे. वळणावळणाला मुलांनी दोऱ्यावर बोटं दाबून धरली. तो दोरा उचलून तिच्या अंगाला लावला तर डोक्यापासून पायापर्यंत पुरून वर उरला.

नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं होतं. मुलं फूटपट्टी घेऊन भिडली. माझ्याच हाताखाली प्रमाणाची गणितं रडत रडत करणारी ती मुलं, गुणाकार फरशीवर खडूनं करत होती आणि एकमेकांची चूक काढत होती. चार किलोमीटर, असं एकजण ओरडला, आणि दुसऱ्यानं पुन्हा मोजून तेच सांगितलं.

हेडसर उठले. बूट तुडवले जाणार नाहीत अशा बेतानं पाय टाकत नकाशापाशी गेले आणि दोरा बघत उभे राहिले.

"रोज एवढं चालतेस?" त्यांनी विचारलं.

"हो सर," ती म्हणाली. "परत जातानाही."

हेडसर तिथेच फरशीवर मुलांशेजारी बसले.

तिच्या हातातला बूट अजून कुठे ठेवला नव्हता. मुलं भांडायला लागली. घर उत्तरेला, म्हणून उत्तरेत. येते पूर्वेकडून, म्हणून पूर्वेत. माझ्या मुलीनं कुणाचीच बाजू घेतली नाही. पोरीनंच खूप वेळ रकान्यांकडे बघितलं आणि आपला बूट पूर्वेच्या रांगेच्या टोकाला ठेवला. मग म्हणाली, "बाई, अजून एक आलेख काढायला पाहिजे. घर कुठे आहे त्याचा. नाहीतर यातून कळत नाही आम्ही आहोत म्हणून."

गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. एक आलेख एकाच प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्या प्रश्नाला दुसरा आलेख लागतो, हे मी मोठ्या वर्गांना फळाभर लिहून सांगते आणि ती माना डोलावतात. इथे चौथीतली पोर एका पायात बूट नसताना ते स्वतःहून बोलली. मी ओठ दाबून बसले, कारण आवाज फुटला असता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

तास संपल्याची घंटा झाली आणि बुटांची जी काही सरमिसळ झाली ती निस्तरेपर्यंत मधली सुट्टी आली.

हेडसरांच्या खोलीत निरीक्षकबाईंनी कागद नीट लावले. मुलगी दाराशी उभी होती, हाताला अजून खडू लागलेला. बाई तिच्याशी बोलल्या नाहीत, माझ्याकडे वळल्या. पाठ त्यांना आवडला होता. फार दिवसांत असा पाठ बघितला नाही, असं त्या म्हणाल्या. पण असा पाठ पहिल्या वर्षाच्या शिक्षिकेला एकटीला जमत नाही, मागे अनुभवी हात असणार हे उघड आहे, आणि तो कुणाचा हे विचारायचीही गरज नाही. अहवालात मात्र तिचं स्वतःचं किती ते लिहावं लागेल. हेडसरांनी समाधानानं मान हलवली. त्यांनाही ते पटण्याजोगं होतं.

खोटं कशाला बोलू, एक क्षण मला बरं वाटलं. एवढी वर्षं निरीक्षक येऊन गेले, पण माझ्या पाठाला असं कुणी म्हटलं नव्हतं. नुसतं हसून खाली बघितलं असतं तरी भागलं असतं, नोकरी तिला मिळालीच असती, आणि शाळेनं वर्षानुवर्षं म्हटलं असतं की बाईंनी मुलीला तयार केलं. मी मुलीकडे बघितलं. तिच्या तोंडावर चीड नव्हती, रडूही नव्हतं. आता हेच होणार हे तिनं वर्षभर आधी ओळखलेलं होतं, आणि ते मला अजिबात सहन झालं नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या," मी म्हणाले. "भिंतीवरचा नकाशा घे, छडी घे, हुशार मुलांकडून उत्तरं पाठ करून घे. तिनं यातली एकही केली नाही, म्हणून तुम्ही बघितलंत तसा पाठ झाला. माझं तिनं ऐकलं असतं तर आज तुम्ही तासभर जांभया दिल्या असत्या. आणि उत्तर कुठे आहे विचारलं असतंत तर मीसुद्धा छताकडेच बोट केलं असतं."

निरीक्षकबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. मग त्या मुलीकडे वळल्या आणि विचारलं की नकाशा जमिनीवर का ठेवलात. मुलगी म्हणाली, मुलं चालतात ती जमिनीवर, म्हणून. आणि नदीपलीकडे कोरं का ठेवलं होतंत? त्यावर तिनं सरळ सांगितलं की ते मुद्दाम नव्हतं, ती स्वतः तिकडे कधी गेली नव्हती, आता रविवारी जाणार आहे. बाईंनी कागदावर दोन ओळी लिहून तो हेडसरांकडे सरकवला. हेडसरांनी वाचून तो मुलीला दिला, आणि तिनं वाचून मला दिला. कायम करण्याची शिफारस होती. कारणाच्या जागी लिहिलं होतं की पाठ शिक्षिकेचा स्वतःचा आहे.

शिक्षकखोलीत बातमी आमच्या आधी पोचली होती. चित्रकलेच्या सरांनी अभिनंदन केलं ते मलाच, आणि मी ते घेतलं नाही. म्हटलं, ती तिकडे बसलीय, तिला सांगा. ते उठून तिच्याकडे गेले खरे.

हेडसरांनी त्या दिवसापासून पोरीला फाटकाशी उभं करणं बंद केलं. आठवड्यानं शाळा सुटायच्या वेळी एक बाई फाटकात आल्या. गिरणीच्या कामावरून तशाच आलेल्या, केसांत कापसाचे धागे अडकलेले. आत यायला बिचकत होत्या. त्यांची मुलगी घरी सांगत होती की आपलं घर नकाशात आलंय, आणि त्यांना ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. भूगोलाच्या बाई कुठे भेटतील, असं त्यांनी शिपायाला विचारलं. शिपायाला सवयच तशी, त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, या सगळ्यांत मोठ्या बाई, यांनाच भेटा.

त्या बाईंनी लगबगीनं पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले.

"मी नव्हे," मी म्हटलं. "बाई वर्गात आहेत, चला, दाखवते. मी त्यांची आई."